आजारपणातली निरीक्षण चौकी

बडोद्यात, ग्वाल्हेरला, हैदराबादेत, बेळगावात, जिथे कुठे हे ऐकत किंवा वाचत असाल तिथे सगळे बरे असाल अशी आशा करतो. आणि कुणी बरे नसाल, तर आजचा भाग मुद्दाम तुमच्यासाठी आहे.

मी पायदळातला माणूस. एकतीस वर्षं नोकरी केली. शेवटचं पोस्टिंग महूला झालं आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, माळव्याच्या पठारावर आमचं घर आहे. पुढे लहानसा व्हरांडा, त्याच्या खांबावर चढलेली मधुमालती, अंगणात एक उंबर, एक कढीलिंब, मागे कडुनिंब आणि जुनी, अर्धी ढासळलेली दगडी भिंत. घराचं वर्णन सांगायचं कारण असं की आजची सगळी गोष्ट एवढ्याच जागेत घडते.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दाढी करताना मानेपाशी गाठ हाताला लागली. तपासण्या झाल्या. निदान झालं लिंफोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं. उपचार ठरले: दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा केमोथेरपी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिली, जानेवारी संपायच्या आत सहावी. त्या चार महिन्यांत आणि नंतरच्या काळात मला औषधांनी वाचवलं आणि पक्ष्यांनी सावरलं. या दोन गोष्टींमधला फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण तिथेच बऱ्याच लोकांची गल्लत होते.

लढाईची भाषा

निदान कळल्यावर फोन सुरू झाले. जुने सहकारी, नातेवाईक, शेजारी. सगळे एकच वाक्य म्हणत होते, “सर, तुम्ही तर फौजी. ही लढाई तुम्ही जिंकणारच.”

त्यांचा हेतू चांगला होता. पण मंडळी, मी लढाई म्हणजे काय ते थोडंफार पाहिलेलं आहे. लढाईत हातात काहीतरी असतं. हुकूम असतो, नकाशा असतो, सोबत माणसं असतात, करायला काम असतं. केमोच्या दिवशी तुम्ही फक्त पडून असता. नळीतून एक-एक थेंब उतरत असतो. त्यातलं एक औषध लालभडक असतं, नंतर लघवीही तांबडी होते, तेव्हा आधी सांगितलेलं असूनही पोटात गोळा येतो. मग घरी आल्यावर आठवडाभर अंगात जीव नसतो. यात मी काय लढत होतो? शरीर हे रणांगण असेलच, तर मी तिथला सेनापती नव्हतो. मी जमीन होतो.

आणि लढाईच्या भाषेत आणखी एक धोका आहे. जो बरा होत नाही तो हरला, म्हणजे कमी लढला, असा अर्थ त्यातून निघतो. माझ्याबरोबर केमो घेणारे दोघेजण आज नाहीत. ते माझ्यापेक्षा कमी धीराचे नव्हते. म्हणून ती भाषा मी सोडून दिली.

मग फौजेतलं काही उपयोगाला आलंच नाही का? आलं. पण हल्ला नाही, निरीक्षण चौकी आली. सैन्यात पुढच्या टेकडीवर दोन-तीन माणसांची एक चौकी असते. त्यांचं काम गोळ्या झाडण्याचं नसतं. शांत बसायचं, बघायचं, वेळ टिपायची, दिशा टिपायची, जे दिसलं तेवढंच लिहायचं. आजारी माणसाला हे काम जमतं. अंगात ताकद नसली तरी जमतं.

पहाटेचा स्टँड-टू

पहिल्या केमोनंतर पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. त्यांनी झोप उडते. तिसऱ्या रात्री तीन वाजल्यापासून मी छताकडे बघत होतो. पाच वाजता उठून व्हरांड्यात जाऊन बसलो. ती सवयीची वेळ होती. सीमेवर पहाटेच्या पहिल्या उजेडात आणि संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात सगळे जवान आपापल्या मोर्च्यात सज्ज उभे राहतात. त्याला स्टँड-टू म्हणतात. शत्रू त्याच वेळी येण्याची शक्यता जास्त, म्हणून.

उजाडलं. समोरच्या ढासळलेल्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी येऊन बसला. डोकं, पाठ, छाती काळसर, पोट आणि शेपटी विटकरी. बसला आणि शेपूट थरथरवायला लागला. खाली उतरून किडा उचलला, परत त्याच दगडावर, परत तीच थरथर.

मला एकदम १९९४ सालचा लडाखमधला उन्हाळा आठवला. आमची मराठ्यांची पलटण, बारा-तेरा हजार फुटांवरची एक चौकी. लंगरच्या दगडी भिंतीच्या फटीत या पक्ष्याच्या एका जोडीनं घरटं केलं होतं. आमचा साताऱ्याकडचा एक जवान म्हणायचा, “सायेब, हिला बघा, बारमाही थंडी वाजतीया. शेपूट थांबतच न्हाई.” त्या उन्हाळ्यात त्या भिंतीचा एकही दगड कुणी हलवला नाही, असा अलिखित हुकूमच होता. पक्ष्याचं नाव मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. विचारावं असंही सुचलं नाही.

त्या पहाटे व्हरांड्यात बसून मी मोबाइलवर शोधलं. काळा थिरथिरा. लडाख, तिबेट, मध्य आशियाकडच्या उंच, उघड्या, दगडाळ मुलखात वीण करतो आणि थंडी पडायच्या आधी हिमालय ओलांडून भारताच्या मैदानात आणि दख्खनमध्ये उतरतो. ऑक्टोबरमध्ये येतो, मार्चच्या सुमारास परततो. वजन पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर.

ज्या प्रदेशात मी जवान असताना उभा होतो, तिथला तो पाहुणा आता माझ्या पडक्या भिंतीवर बसला होता. मी टक्कल पडण्याच्या वाटेवर, तो शेपूट हलवत किडे मारत. त्याला माझ्या रिपोर्टशी काही देणंघेणं नव्हतं. आणि मंडळी, खरं सांगतो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पंधरा मिनिटं गाठीचा विचार केला नव्हता.

सौ. चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, “अहो, इतक्या पहाटे इथे काय करताय? गारठा आहे.”

मी म्हटलं, “स्टँड-टू.”

ती काही बोलली नाही. आत गेली आणि माझी जुनी दुर्बीण, एक वही आणि शाल घेऊन आली.

शास्त्र काय म्हणतं

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, हे तुमचं झालं. सगळ्यांना असं होतं का? हा प्रश्न रास्त आहे. मीही केमोच्या मधल्या बऱ्या दिवसांत यावर वाचत बसलो. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगतो.

सर्वांत गाजलेला अभ्यास रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाचा. १९८४ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ४६ रुग्ण. त्यातल्या निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीनं थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. फरक थोडाच होता आणि रुग्णही कमी होते. पण खिडकीबाहेर काय आहे याचा आजारी माणसाशी संबंध असतो, हे तेव्हापासून रुग्णालयं बांधणारे लोक गांभीर्यानं घेऊ लागले.

दुसरी गोष्ट रेचेल आणि स्टीफन कापलान या दांपत्याची. १९८९ साली त्यांनी एक पुस्तक लिहून असं मांडलं की लक्ष दोन प्रकारचं असतं. एक, आपण जोर लावून देतो ते. हिशोब करताना, गाडी चालवताना, रिपोर्टमधले आकडे वाचताना. हे लक्ष थकतं. म्हणून तर पहारेकरी दर दोन तासांनी बदलतात. दुसरं, आपोआप वेधलं जातं ते. हलती पानं, वाहतं पाणी, दाणे टिपणारा पक्षी. तिथे जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिल्या प्रकारच्या लक्षाला विश्रांती मिळते. आजारी माणूस चोवीस तास स्वतःच्या शरीरावर पहारा देत असतो. इथे दुखतंय का, ताप आहे का, ही गाठ कालची की आजची? तो पहारेकरी कधी बदललाच जात नाही. भिंतीवर पक्षी येतो तेव्हा दुसरा पहारेकरी आला म्हणून समजा.

२०२२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे तेराशे लोकांच्या मोबाइलवरून घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पक्षी दिसला किंवा ऐकू आला की त्या लोकांना बरं वाटत होतं, आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचा त्रास असलेल्यांतही तो दिसला. इंग्लंडमधल्याच जवळजवळ वीस हजार लोकांच्या २०१९ सालच्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. इथे एक सावधगिरी हवी. ज्याची तब्येत चांगली तोच बाहेर जास्त जातो, हेही खरं असू शकतं. संशोधकांनाही ते ठाऊक असतं.

या सगळ्यातून मी जे घेतलं ते एवढंच. झाडं-पक्षी गाठ विरघळवत नाहीत. तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. ते आजारी माणसाचा दिवस सुसह्य करतात, आणि दिवस सुसह्य झाला की माणूस पुढच्या केमोला वेळेवर जातो. माझ्यासाठी तेवढा उपयोग पुष्कळ होता.

तारेमागचा पक्षी-निरीक्षक

वाचता वाचता मला एक गुरुबंधू सापडला. जॉन बक्स्टन नावाचा ब्रिटिश अधिकारी. कवी मनाचा, नंतर ऑक्सफर्डला शिकवणारा. १९४० साली नॉर्वेच्या मोहिमेत तो जर्मनांच्या हाती लागला आणि महायुद्ध संपेपर्यंत युद्धकैदी राहिला. बव्हेरियातल्या छावणीत, काटेरी तारेमागे, त्याला थिरथिऱ्याच्या भाऊबंदांपैकी एक जात दिसली. इंग्रजीत रेडस्टार्ट म्हणतात ती. त्यानं त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. घरटं कधी बांधलं, नर किती वेळ गातो, पिल्लांना किती फेऱ्यांत खाऊ येतो. सोबतचे कैदीही पाळीपाळीनं बसायला लागले. शेकडो तासांच्या नोंदी झाल्या. त्यांतून १९५० साली ‘द रेडस्टार्ट’ हे त्याचं पुस्तक आलं.

त्याच्याबरोबर छावणीत आणखी काही पक्षिवेडे होते. पीटर कॉन्डर पुढे ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या पक्षिसंरक्षण संस्थेचे प्रमुख झाले. जॉर्ज वॉटरस्टन यांनी कैदेत असतानाच फेअर आयल या स्कॉटिश बेटावर पक्षी निरीक्षण केंद्र काढायचं ठरवलं होतं. १९४८ साली ते खरंच उभं राहिलं.

मी या माणसांचा विचार फार केला. त्यांना कधी सुटका होणार हे माहीत नव्हतं. मलाही माझं माहीत नव्हतं. त्यांच्यासमोरचे पक्षी तारेवरून सहज आत-बाहेर जात होते. त्याचा हेवा वाटला नसेल का? वाटला असेलच. पण हेवा वाटत असतानाही त्यांनी वेळ टिपली, फेऱ्या मोजल्या. कैदेतला दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी हिशोबानं मोजायला सुरुवात केली. मीही तेच केलं. माझा दिवस ‘पांढऱ्या पेशी किती’ यावर मोजला जात होता. त्याच्या शेजारी मी दुसरा रकाना काढला: ‘थिरथिरा, सहा वाजून बारा मिनिटं, भिंतीचं उत्तर टोक.’

अंगणातले बलुतेदार

वही भरू लागली तसा एक वेगळाच आनंद मिळाला, तो भाषेचा. आम्ही चाळीस वर्षं महाराष्ट्राबाहेर. मुलगा बेंगळुरूला, नात घरी इंग्रजी-कन्नड-मराठीची भेळ बोलते. मी पक्ष्यांची नावं इंग्रजीत लिहीत होतो. एकदा सौ.नं वही वाचली आणि हसायला लागली.

“अहो, हे कॉपरस्मिथ काय लिहिलंय? हा तर तांबट!”

मग तीच सांगत सुटली. उंबरावर टुक-टुक करतो तो तांबट, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. खोडावर ठोकतो तो सुतार. हिवाळ्यात शेपूट वर-खाली आपटत अंगणभर फिरतो तो धोबी. दुभंगलेल्या शेपटीचा, सगळ्यांवर डाफरणारा तो कोतवाल. आणि विणकाम करणारी सुगरण. आख्खं गाव झाडावर! ही नावं तिला तिच्या आजीकडून आली होती. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करत गावोगावच्या लोकांकडून आणि आदिवासींकडून अशी नावं गोळा केली, मराठीत पक्षिकोश केला, हे मी तेव्हाच वाचलं. एरवी एवढ्या नावांचा हा खजिना माझ्या हाती कुठून लागला असता?

नाव कळलं की ओळख होते, आणि ओळख झाली की उद्या तो आला का हे बघावंसं वाटतं. ‘उद्या’ या शब्दाची आजारी माणसाला किती गरज असते, ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

रुग्णालयातही याचा उपयोग झाला. केमोच्या खोलीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि वर आभाळाचा एक तुकडा दिसायचा. दहाच्या पुढे ऊन तापलं की त्या तुकड्यात घारी गोल फिरू लागत. तापलेली हवा वर चढते, तिच्यावर पंख न हलवता त्या स्वार होतात. शेजारच्या खुर्चीत देवासकडचे एक वयस्क शेतकरी असत. दोन केमो आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तिसऱ्या वेळी मी घारी मोजतोय हे त्यांनी पाहिलं आणि टिटवीची गोष्ट काढली. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं त्यांच्याकडेही म्हणतात आणि आपल्याकडेही. ते खरं की खोटं यावर आम्ही दीड तास वाद घातला. नळीतलं औषध कधी संपलं ते कळलंही नाही.

शुभ आणि अशुभ

आता एक अवघड गोष्ट सांगतो. निसर्ग म्हणजे सगळं गोड, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

डिसेंबरात, चौथ्या केमोनंतर, रात्री झोप नव्हतीच. कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची एक जोडी होती. छोटी घुबडं. रात्री त्यांचा चिरक-चिरक कलकलाट चाले. शेजारच्या काकूंनी सौ.ला बाजूला घेऊन सांगितलं, “घरात आजारी माणूस आहे. ते घुबड हाकलून द्या. चांगलं नसतं.” सौ. अस्वस्थ झाली. मला मात्र रात्री दोन वाजता जागा असणारा दुसरा कुणीतरी आहे याचाच आधार होता. मी म्हटलं, “अगं, माझ्याबरोबर तेवढाच एक पहाऱ्यावर आहे. राहू दे त्याला.” पिंगळा राहिला.

जानेवारीत सहावी केमो झाली. मार्चच्या मध्यात पेट स्कॅन होता. आजार उरलाय की नाही ते त्यातून कळणार होतं. केमो चालू असताना काहीतरी होत असतं. हा वाट पाहण्याचा काळ त्याहून वाईट. त्याच दिवसांत मधुमालतीत बुलबुलांनी घरटं केलं. माझ्या खुर्चीपासून सात-आठ फुटांवर. तीन अंडी. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. चौदाव्या दिवसाच्या सुमारास दोन पिल्लं बाहेर आली. मनात नको तो हिशोब सुरू झाला: ही उडाली तर माझा स्कॅन चांगला येणार.

स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात एके सकाळी भारद्वाज आला. तोच, ज्याचं दर्शन आपल्याकडे शुभ मानतात. तांबूस पंख, लाल डोळे. मधुमालतीत घुसला. बुलबुलांनी आकांत केला. मी उठेपर्यंत खेळ संपला होता.

मला रडू आलं. पलटणीतले लोक गमावले तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो, आणि आता दोन बोटभर पिल्लांसाठी रडत होतो. सौ. बराच वेळ शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, “अहो, त्यालाही पोट आहे.”

ते ऐकून डोकं ठिकाणावर आलं. अशुभ पिंगळ्यानं मला महिनाभर सोबत केली होती. शुभ भारद्वाजानं पिल्लं खाल्ली होती. दोघांनाही माझ्या स्कॅनबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांच्या जगात मी कुणी महत्त्वाचा नव्हतो, आणि त्याच गोष्टीनं मला पहिल्यापासून हलकं केलं होतं. मग आता त्यांच्याकडून शकुन मागण्याचा मला काय अधिकार? मी वहीत लिहिलं: ‘सात चाळीस. भारद्वाज. घरटं रिकामं.’ निरीक्षण चौकीत जे दिसलं तेवढंच लिहायचं असतं.

स्कॅन झाला. सध्या आजार दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ‘सध्या’ हा शब्द मी ऐकला, आणि तो ऐकत ऐकतच आजवर तपासण्यांना जातोय. त्यानंतर थोड्या दिवसांनी बुलबुलांची जोडी कढीलिंबात काड्या नेताना दिसली. तीच जोडी असावी. मी या वेळी खुर्ची लांब हलवली.

तुम्हाला करायचं असेल तर

आता कामाच्या सूचना. फौजी आहे, त्यामुळे क्रमांक घालून सांगतो.

१. जागा एकच ठेवा. खिडकी, गॅलरी, रुग्णालयातली खाट, काहीही चालेल. जंगलात जायची गरज नाही. फ्लॅटमध्ये असाल तर नारळाचा शेंडा, समोरच्या गच्चीवरचा कावळा, खार, भिंतीवरची पाल, मुंग्यांची रांगही पुरते. दृष्टी अधू असेल तर कानांनी करा.

२. वेळ ठरवा. पहिल्या उजेडातली वीस मिनिटं उत्तम. पक्षीही तेव्हाच सर्वांत जास्त हलतात. जमलं नाही तर संध्याकाळ. ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी रजा घ्या, अपराधी वाटून घेऊ नका.

३. लिहा. तारीख, वेळ, कुठे, कोण, काय करत होता. एवढंच. माझी बोटं एका औषधानं बधिर झाली होती, दुर्बिणीचं चाक फिरवता येत नव्हतं, अक्षर वेडंवाकडं यायचं. तरी लिहिलं. नावासाठी मर्लिनसारखं मोफत अॅप आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करतं. बरं वाटू लागलं की ई-बर्डवर नोंदी टाका. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, त्यात आजारी माणसाची खिडकीही मोजली जाते.

४. आधी डॉक्टर, मग पक्षी. केमो चालू असताना प्रतिकारशक्ती खाली असते. त्या काळात माती, कुंड्या, पक्ष्यांची विष्ठा यांना हात लावू नका. पाण्याचं भांडं ठेवायचं तर उथळ ठेवा, रोज पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होते. आणि ते भांडं घरातल्या धडधाकट माणसानं धुवावं. कबुतरांना दाणे घालून गॅलरीत गोळा करू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. ताप १०० अंशांच्या वर सरकू लागला तर पक्षी बघत बसू नका, लगेच रुग्णालयाला फोन करा.

५. पाहुणे आपण आहोत. घरट्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी फांद्या वाकवू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. करमणूक म्हणून कुणी पिंजऱ्यात पोपट आणून दिला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. आणि जो स्वतः खाटेला खिळलाय त्यानं दुसऱ्याला पिंजऱ्यात ठेवावं, हे बरंही दिसत नाही.

६. एवढं करूनही मन वर येत नसेल, दोन-दोन आठवडे काहीच नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मीही एकदा जाऊन आलो. त्यात कमीपणा नाही.

आणि जे आजारी नाहीत, पण घरात कुणी आजारी आहे, त्यांच्यासाठी एकच विनंती. “पॉझिटिव्ह राहा” म्हणण्याऐवजी खाट खिडकीपाशी सरकवून द्या. आमच्या सौ.नं मला कधी उपदेश केला नाही. दुर्बीण, वही आणि शाल आणून दिली.

थिरथिरा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिसेनासा झाला. मी सहा दिवस त्याच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं आणि मग रकाना बंद केला. पुढच्या ऑक्टोबरात, अकरा तारखेला, स्टँड-टूच्या वेळी, भिंतीच्या त्याच उत्तर टोकावर एक नर येऊन बसला आणि शेपूट थरथरवू लागला. तोच होता का? पायात कडी नव्हती, त्यामुळे सांगता येणार नाही. मी सौ.ला हाक मारली. ती ओल्या हातांनीच बाहेर आली. दोघं उभे राहून बघत राहिलो. वहीत नोंद केली: सहा वाजून नऊ मिनिटं. काळा थिरथिरा, एक. आम्ही, दोन.

आजच्यापुरतं एवढंच. उद्या पहाटे वीस मिनिटं बसून बघा. काळजी घ्या. जय हिंद.